साठ हात दोर

तळमजल्यावरचे काका उभ्या आयुष्यात एकदाही काहीही विसरले नाहीत. हे वाक्य मी जबाबदारीनं लिहितो आहे, कारण आमच्या गल्लीत बरीच वर्षं कुणालाही विचारलं असतंत तर त्यानं नेमकं याच्या उलट सांगितलं असतं. गंगापूर रोडच्या एका आडगल्लीत आमचं दुमजली घर होतं. वर आई आणि मी, खाली काका-काकू. काका पाटबंधारे खात्यात स्टोअरकीपर होते. सरकारनं भांडाराच्या किल्ल्या दिल्या म्हणून ते तसे झाले, की मुळात तसे होते म्हणून सरकारनं किल्ल्या दिल्या, हे काकूंनाही शेवटपर्यंत उलगडलं नाही. सकाळी मंडईत निघताना ते खिशात एक रिकामी पिशवी ठेवत आणि तिच्यात आणखी एक, पहिली फाटली तर म्हणून. पहिली कधी फाटली नाही. ती का फाटली नाही, तर दुसरी बरोबर होती म्हणून, असं त्यांचं तर्कशास्त्र होतं.

या माणसाचा एकुलता एक छंद म्हणजे शिकारीला जाणं. शिकार करणं नव्हे. बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नाही, आणि रश्श्याचा वास आला की ते ताट उचलून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसत. बंदूक होती मास्तरांची. मास्तर म्हणजे समोरच्या घरात राहणारे, शाळेत ड्रॉइंग शिकवणारे, बडबडे आणि उधळ्या स्वभावाचे गृहस्थ. वडिलांची परवान्याची बाराबोर त्यांच्याकडे आली होती. दर दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सुरगाण्याच्या बाजूला, डोंगरात, रानडुकरांच्या मागे जायचं. तेव्हा त्याला बंदी नव्हती. मास्तर डुकरासाठी जात, मी ओझं उचलायला जात असे, आणि काका सामान भरायला मिळतं म्हणून येत.

दसऱ्याला सोनं वाटून झालं की ते व्हरांड्यात ताडपत्री पसरत. तिच्यावर सगळं मांडलं जाई: तांदूळ, मीठ, गूळ, विंचूरचे कांदे, घोंगड्या, तवा, कंदील, कंदिलाची जादा काच, आणि त्या काचेच्या पोटात कापूस. काड्यांची टोकं मेणात बुडवलेली. सुया आधीच ओवून ठेवलेल्या, कारण "रानात सुई ओवत बसायला तुझ्या डोळ्यांचा भरवसा कोण देणार?" मग हजेरी. काका एकेक नाव पुकारत आणि दुसऱ्या कुणीतरी त्या वस्तूवर हात ठेवून "हजर" म्हणायचं. अशा तीन हजेऱ्या. पहिली मांडल्यावर, दुसरी भरताना, तिसरी निघायच्या आदल्या संध्याकाळी, भरलेलं सगळं पुन्हा ओतून. एकदा काकू कंटाळून स्वयंपाकघरातूनच "हजर, हजर" करत होत्या. "तवा?" "हजर." काका आत गेले. तव्यावर भाकरी होती. "चुलीवरचा तवा हजर कसा?" असं म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि त्या दिवशी आम्ही सगळेच उशिरा जेवलो.

गल्लीत कुणाचीही बदली होवो, कुणाचा मुलगा होस्टेलला जावो, सामान बांधायला काकाच. कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी सासरी निघाली तेव्हा मांडवात रडारड चालली होती, आणि काका तिच्या ट्रंकेपाशी उकिडवे बसून विचारत होते, "सेफ्टी पिना?" मुलगी आईच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. तिनं तसाच हात लांब करून ट्रंकेला लावला आणि म्हणाली, "हजर."

आता दोर. साठ हात काथ्याचा दोर, तीन पेडांचा, मनगटाएवढा नाही पण अंगठ्याहून जाड. देवळालीच्या जुन्या बाजारातून आणलेल्या लष्करी सॅकांपैकी माझ्या सॅकेत तो जाई. साडेचार किलो. सहा वर्षं मी तो डोंगर चढवला आणि उतरवला, आणि सहा वर्षांत त्याची गुंडाळी एकदाही सुटली नाही. मास्तर त्यावरून काकांना छळत. मीही एकदा विचारलं, "काका, या दोराचं करायचं काय?" ते म्हणाले, "काही करायचं नाही. करावं लागू नये म्हणून न्यायचा."

एकाहत्तर सालच्या दिवाळीत माझी पाठ धरली होती. तसं सांगितलं असतं तर काकांनी माझं अर्धं ओझं स्वतःच्या पाठीवर घेतलं असतं. पण चोवीस वर्षांच्या माणसानं पन्नाशीच्या माणसाला ते कसं सांगायचं? तिसरी हजेरी झाली. दोरावर हात ठेवून "हजर" मीच म्हणालो. सॅक वर नेली आणि सकाळी निघताना दोर काढून खाटेखाली सरकवला. फुगवटा तसाच दिसावा म्हणून त्या जागी माझी उशी कोंबली. तिच्या अभ्र्यावर आईनं मोर भरला होता. मला हसू आलं होतं, हेही लिहून टाकतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या गोळीनं एक डुक्कर जखमी झालं आणि कड्याच्या कडेनं पळालं. मास्तर मागे धावले. त्या दिवसांत तिथलं गवत वाळून गुळगुळीत झालेलं असतं. काका, मी आणि पाड्यावरून बरोबर घेतलेला वाटाड्या पोचलो तेव्हा मास्तर दिसत नव्हते. आवाज येत होता. चाळीस-पन्नास हात खाली एका टप्प्यावर ते पडले होते. पाय विचित्र वळला होता आणि डोकं फुटलं होतं. तरी माणूस मजेतच होता. खालून ओरडले, "काका, सोडा दोर! आज तरी उघडेल तुमचा!"

काकांनी माझी सॅक ओढून घेतली आणि हात घातला. हाताला मोराची उशी आली. त्यांनी ती अर्धी बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि आमचा वाटाड्या वळायच्या आत परत आत ढकलली. मग कड्यावर ओणवं होऊन मोठ्यांदा म्हणाले, "मास्तर, दोर मी विसरलो."

"काय चेष्टा करता!" खालून आवाज आला.

वाटाड्या म्हातारा होता. "पाड्यावर हिरीचा दोर हाय," एवढं बोलून तो पळाला. जाऊन यायला तीन तास. काकांचं धोतर, आमचे पंचे, सॅकांचे पट्टे, सगळं आम्ही एकाला एक बांधलं. ते निम्म्यावर लोंबत राहिलं. मी कड्यावरून उतरायला पाय टाकला तर काकांनी कॉलर धरून मागे ओढलं आणि थोबाडीत दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला मारलेली ती एकच.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "काका, झोप येतेय." काका धोतर नसलेले, लांब चड्डीत, कड्यावर पालथे पडले आणि त्यांनी हजेरी सुरू केली. "कंदील?" खालून आलं, "हजर." "मीठ?" "हजर." मास्तर मध्येच हसायचेसुद्धा. "जादा काच?" "हजर, हजर." पूर्ण यादी झाली. काकांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. मग उत्तरं उशिरा यायला लागली. "तवा?" काका म्हणाले. "तवा, मास्तर? मास्तर, तवा?" वाटाड्या दोर घेऊन आला तेव्हाही ते तेच विचारत होते.

पंचनाम्यात काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की दोर न्यायचं काम त्यांचं होतं आणि ते विसरले. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. आठवड्यानं खोलीच्या दाराशी माझी उशी ठेवलेली दिसली. अभ्रा धुतलेला होता, इस्त्रीही केलेली होती.

त्यानंतर गल्लीत कुणी काकांना सामान बांधायला बोलावलं नाही. लोक वाईट नव्हते. पण दोर विसरणाऱ्या माणसाच्या हातात मुलीची ट्रंक कोण देईल? कोपऱ्यावरच्या घरातली धाकटी सासरी गेली तेव्हा काका व्हरांड्यात बसून टेम्पोत सामान चुकीचं चढताना बघत होते. जड पेटी वर आणि काचसामान खाली. त्यांनी उठून काही सांगितलं नाही. मास्तरांची बायको पदरात दोन मुलं घेऊन शिवणकाम करायला लागली, आणि समोरासमोर राहून ती काकांशी एक अक्षर बोलली नाही. पुढे शिकारीवर कायद्यानंच बंदी आली. ताडपत्री माळ्यावर गेली.

माझी मालेगावला बदली झाली. लग्न झालं. मी भित्रा माणूस आहे. मला बोलायला दहा वर्षं लागली. एका सुट्टीत घरी आलो असताना खाली जाऊन बसलो आणि म्हणालो, "काका, तो दोर अजून माझ्या खाटेखाली आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तुझी पाठ धरली होती. जिना उतरताना मला दिसलं होतं. मी सकाळी तुझी सॅक उचलून बघायला हवी होती. चौथी हजेरी राहिली. म्हणून म्हटलं, विसरलो. खोटं नाही बोललो मी."

मी रडलो. काकांनी रुमाल दिला. दुसऱ्या खिशातून दुसराही काढून ठेवला.

"समोरच्या वहिनींना सांगून टाकू?"

"तुला जमेल तेव्हा सांग. दोर मात्र फेकू नकोस. लागेल."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात काका गेले. मी सकाळच्या गाडीनं मालेगावहून आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काकूंनी एक ट्रंक पुढे केली. झाकणाच्या आत काकांच्या अक्षरात यादी चिकटवलेली होती. स्वतःच्या शेवटच्या सामानाची! कोरं कापड, मडकं, तूप, अबीर, बुक्का, मेणात बुडवलेल्या काड्यांची पेटी. बांबू माळ्यावर, असंही लिहिलं होतं. गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर चष्मा लावून वाचत होते आणि बाकीचे एकेक वस्तू काढत होते. सगळं होतं. तिरडी बांधायला बसले, तेव्हा लक्षात आलं की यादीत दोर नाही आणि ट्रंकेतही नाही.

"घ्या," पोस्टमास्तर म्हणाले. "पुन्हा दोरच विसरले." दोघं-तिघं हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं.

मी म्हणालो, "ते विसरले नाहीत." आणि सगळ्यांसमोर, बायकांत मास्तरांची बायको बसली होती तिच्यासमोर, सगळं सांगितलं. पाठ, खाट, उशी, मोर. मग मी वर जाऊन दोर घेऊन आलो. पंधरा वर्षांची धूळ त्याच्यावर होती, गुंडाळी तशीच होती. तिरडीला एवढा जाड दोर चालत नाही; पेड सुटे करावे लागतात. मी अंगणात बसून गाठ सोडायला लागलो.

मास्तरांची बायको उठून माझ्यापाशी आली.

"किती हात आहे, भाऊजी?"

"साठ."

"पुरला असता," ती म्हणाली. मग खाली बसून तिनं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघं पेड सोडवू लागलो.