काळजीचं काही नाही

माझ्या बायकोच्या मते मला माणसांशी बोलता येत नाही. घरी पाहुणे आले की मी "बसा" म्हणतो, मग "चहा घेणार का?" म्हणतो आणि नंतर पंख्याकडे बघत बसतो. त्यामुळे धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात मला विद्यार्थ्यांचं समुपदेशन करण्याचं काम मिळालं, तेव्हा सगळ्यात जास्त ती हसली. "पोरं रडत येतील आणि पंखा बघून जातील," म्हणाली.

मी तिथे दवाखान्याच्या बाजूला समाजसेवा अधीक्षक होतो. गरीब पेशंटला औषध मिळवून देणं, बेवारस म्हाताऱ्याचं गाव शोधणं, अशी कामं. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. वरून कुठून तरी पत्र आलं, की डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या मनाचीही काळजी घ्यावी. डीनसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मी समोर उभा होतो. झालं. पुण्याला छोटंसं प्रशिक्षण झालं. परत येईपर्यंत प्लास्टरच्या पट्ट्या ठेवायची खोली रिकामी करून तिच्यावर 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी लागलेली होती.

पहिले काही महिने पोरं यायची ती मेसचं वरण पातळ आहे हे सांगायला. मनाचं कुणी काढायचं नाही. आमच्या भागात मन दुखत नसतंच मुळी. पोट दुखतं, डोकं जड होतं, जेवण जात नाही. फार तर फार करमत नाही.

पहिल्या वर्षाची एक मुलगीही जेवण जात नाही म्हणूनच आली. आली म्हणजे होस्टेलच्या मेट्रनबाईंनी हाताला धरून आणली. "सर, ही पोरगी पोळी मोडते आणि तशीच ताटात ठेवते. मला बघवत नाही," एवढं बोलून बाई गेल्या. मी "बसा" म्हणालो. "चहा घेणार का?" म्हणालो. मग पंख्याकडे बघितलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की समोरच्याला बोलायला वेळ द्या. पहिल्यांदाच माझा दुर्गुण कामाला आला.

बऱ्याच वेळाने ती बोलली. पिंपळनेरच्या पलीकडच्या गावातली. पहिल्या वर्षाला शरीररचनेत नापास झाली होती. घरी निकालच लागला नाही म्हणून सांगितलेलं. तिला ॲडमिशन मिळाली तेव्हा गावाने तिला बँड लावून एसटीत बसवलं होतं. कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी नारळ फोडला होता म्हणे. "आता आबांना कसं तोंड दाखवू? मी कॉलेज सोडते, सर. बीएला बसते. आबांना सांगते, मला रक्त बघवत नाही."

"बघवतं ना पण?"

"बघवतं."

फेरपरीक्षेला वेळ होता. अभ्यासही ती करू शकत होती. घोडं अडलं होतं ते एका वाक्यावर. ते वाक्य आबांना सांगता आलं तर ती राहणार होती, नाही तर बॅग भरलेलीच होती. शेवटी तिने एवढं कबूल केलं, की मी आबांना बोलवून घ्यावं. नापासाचं मात्र फोनवर काढायचं नाही. गावात फोन एकच, तो विकास सोसायटीत, आणि तिथल्या सेक्रेटरीला सांगितलेली गोष्ट पारावर त्याच्या आधी पोचते.

मी त्याच दुपारी एसटीडी बूथवरून फोन लावला. प्रशिक्षणात अगदी घोकून घेतलं होतं: पालकांशी बोलताना आधी धीर द्या. मी दिला. म्हटलं, "मेडिकल कॉलेजातून बोलतोय. तुमच्या गावच्या मुलीची तब्येत बरी आहे. काळजीचं काही नाही. तिच्या वडिलांना म्हणावं, सवडीने येऊन जा."

पलीकडून सेक्रेटरी एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं साहेब. आमी निंघतस." मला वाटलं, काय सुसंस्कृत माणूस आहे!

आता मी काही विलायतेतून आलेलो नव्हतो. वरणगावचा. वडील कारखान्यात. बोदवडचे माझे मामा वारले, तेव्हा आमच्याकडे निरोप आला होता, "मामांना जरा अशक्तपणा आहे, काळजीचं नाही, येऊन जा." आई तो निरोप ऐकूनच रडायला लागली होती. आपल्याकडे गेल्याची बातमी कुणी सरळ सांगतं का? तब्येत जरा नरम असेल तर माणूस आजारी असतो. तब्येत बरी आहे, काळजीचं काही नाही आणि सवडीने या, म्हणजे सगळं आटोपलेलं असतं. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण पुण्याचं प्रशिक्षण नवं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपातला चहा बशीत ओतत होतो. शिपाई धावत आला.

"साहेब, बाहेर टेम्पो भरून माणसं आली आहेत. तुमच्या नावाने रडताहेत."

बाहेर कांद्याचा टेम्पो. त्यात खच्चून माणसं. बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या, पुरुष टोप्या काढून उभे. एकाच्या बगलेत नवं पांढरं कापड होतं, साक्रीला थांबून घेतलेलं. आणि पुढे एक उंच, काळासावळा माणूस शिपायाला विचारत होता, "मनी पोर कोठे शे?" हे आबा. आपली पोर कुठे आहे, हे ते विचारत होते, पण उत्तर ऐकायचं नाही म्हणून की काय, मान खाली घालून.

मी म्हणालो, "आबा, बसा." सवय! मग म्हणालो, "काळजीचं काही नाही."

टेम्पोतून हंबरडा उठला.

तोवर कुणीतरी तिला बोलवायला गेलं होतं. ती डिसेक्शन हॉलमधून तशीच आली. अंगात पांढरा ॲप्रन आणि फॉर्मॅलिनने लाल झालेले डोळे. तिला पांढऱ्यात येताना पाहून एक आत्या देवाचं नाव घेत टेम्पोतच खाली बसली. इकडे पोरीने बघितलं तर अख्खी भावकी रडतेय. तिला वाटलं, घरचंच कुणी गेलं आणि हे आपल्याला न्यायला आले. तिने पळत येऊन आबांचा हात धरला आणि गळा काढला, "आबा, कोण गेलं?"

आबा म्हणाले, "तू!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वर बघायला तिथे पंखाही नव्हता.

"मी कुठे गेले?" ती म्हणाली. "मी नुसती नापास झाले आबा."

ज्या वाक्यासाठी पोरगी महिनाभर जेवली नव्हती, ते असं रडताना निसटून गेलं. आबांनी तिचे दोन्ही खांदे दाबून बघितले. हाडामांसाची आहे ना, याची खात्री केली.

"नापास व्हयनी? इतलंच ना?"

"हो."

आबा टेम्पोकडे वळून ओरडले, "जित्ती शे वं! पोर नापास व्हयनी!" आणि ती बातमी टेम्पोभर पसरली. "नापास व्हयनी! नापास व्हयनी!" बाया डोळे पुसत हसत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. पांढरं कापड कुणीतरी घाईघाईने सीटखाली कोंबलं. आत्याबाईंनी खाली उतरून पोरीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि मग पाठीत एक धपाटाही घातला.

आदल्या दिवसापासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. आबांनी समोरच्या हॉटेलातून जिलेबी आणि शेव मागवली. शिपायाला दिली, मेट्रनबाईंना दिली, जाणाऱ्या-येणाऱ्या नर्सना दिली. एका नर्सने विचारलं, "कशाची जिलेबी, आबा?" आबा म्हणाले, "पोर नापास झाली, ताई."

पोरगी पायरीवर बसून जिलेबी खात होती. आबा तिच्याकडे बघत म्हणाले, "जेवनी का तू?" आणि मग, जरा वेळाने, "आते काय करशी?"

"परत बसते परीक्षेला."

"बस मंग."

माझं समुपदेशन हे एवढंच. निघताना आबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, एक विचारू? पोर खरंच गेली असती, तर तुम्ही फोनवर काय सांगितलं असतं?"

मी विचार केला. "हेच," म्हणालो.

त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर माझ्या खोलीत पोरं येऊ लागली. माझ्या कौशल्यामुळे नव्हे. होस्टेलवर अफवा होती, की तिथे गेलं की घरचे नापासाची जिलेबी वाटतात.

फेरपरीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी ती मला बूथवर घेऊन गेली. नंबर लागला, सेक्रेटरीने उचलला. ती म्हणाली, "काका, मी बोलतेय. माझी तब्येत..." मी झडप घालून रिसिव्हरवर हात ठेवला. "आधी पास सांग!"

"काका, मी पास झाले," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. पलीकडून सेक्रेटरीचा आवाज मलाही ऐकू आला, "मंग रडी का ऱ्हायनी?"

दुसरा दिवस मी जीव मुठीत धरून फाटकाकडे बघत काढला. टेम्पो आला नाही. दोन दिवसांनी आबा आले. एसटीने, एकटे, सवडीने.