नळीतली नारिंगी दोरी

धाकट्या जावेनं आणि मी एअर रायफल शिकायला एकाच रविवारी सुरुवात केली. काकतीहून बेळगावच्या नेमबाजीच्या रेंजवर आम्ही माझ्याच स्कूटरवरून जायचो. थोड्याच दिवसांत तिथं शिकवणाऱ्या सरांनी तिच्या हातात छर्रे दिले. मला म्हणाले, "तुम्ही अजून रिकामीच धरा. बोट लई लवकर जातंय घोड्यावर."

मी थोरली, आणि रिकामी बंदूक धरून उभी. शेजारी तिचे छर्रे कागदात शिरायचे. प्रत्येक टप्‌ला माझ्या पोटात दुखायचं. त्यात दिरांनी तिला तिची स्वतःची रायफल घेऊन दिली. माझ्या नवऱ्यानं स्कूटरमध्ये पेट्रोल घालून दिलं.

मला हवा होता फक्त एक छर्रा. तो मिळेना म्हणून मी नियम घोकले. नळी माणसाकडं करायची नाही. रायफल खाली ठेवली की नळीतून नारिंगी दोरी आरपार ओवायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबून कळतं. "दोरी न्हाय तर भरलीय समजायचं," सर म्हणायचे.

खंडेनवमीला घरातले कोयते, विळे, शिलाई मशीन, सगळं पूजेला मांडलं. मधोमध पाटावर जावेची रायफल, झेंडूची माळ घातलेली. नळी आमच्याकडं. दोरी नाही. सासूबाई डोकं टेकायला वाकल्या.

"थांबा! नळीम्होरं वाकू नका!" मी ओरडले.

"पूजेत कसलं वरडतीस गं? हिची बंदूक तुला बघवंना व्हय?"

बघवत नव्हतीच. पण म्हणून नळी काही दुसरीकडं वळणार नव्हती. मी रायफल उचलली, नळी दगडी भिंतीकडं केली, घोड्याला बोट न लावता छर्रा भरायची लिव्हर उघडून पाहिली. आत काही नव्हतं. दीर खो खो हसले.

"दोरी मीच काढलती, आक्का," जाव म्हणाली. "माळेबरोबर बरी दिसंना."

मी दोरी मागून घेतली, ओवली, आणि मगच सगळ्यांना नमस्कार करू दिला. दिवसभर घरात माझ्या 'थांबा'ची नक्कल चालली होती. रविवारी सरांना काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं.

रेंजवर मी स्कूटर लावून आत येईपर्यंत जाव सरांपुढं उभी होती. "सर, मी दोरी काढून रायफल पूजेला ठेवलती. सासूबाई नळीम्होरंच वाकल्या. आक्कांनी अडवलं."

सरांनी तिच्यापुढची छर्र्यांची डबी उचलून माझ्यापुढं ठेवली. "आज ह्या रिकामी धरतील. तुम्ही भरा."

तिनं हसत मला जागा करून दिली. "आधी चष्मा लावा, आक्का."

मी डोळ्यांच्या रक्षणाचा चष्मा लावला, छर्रा भरला, नेम धरला. इतके दिवस हवा होता तो छर्रा मिळाला, तोही तिनं मिळवून दिलेला. तिच्या नेमाचा हेवा मी पचवला असता. पण तिच्या जागी मी असते तर तोंड उघडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते काही केल्या पचेना.

बोट लवकरच गेलं. छर्रा कागदाच्या पार कडेला लागला.

"लागला की, आक्का!" ती मागून ओरडली. तिला खरंच आनंद झाला होता.