आधी नवऱ्याला बाहेर पाठवा

झोंबा शहरातल्या चर्चमध्ये नवरा-बायकोचं फाटलं की पाळकसाहेब दोघांना बोलावून घेत आणि मदतीला फाइनेसीमावशीला बसवत. मावशीचा बाजारात मांदासी, म्हणजे पिठाचे गोडसर गोळे, तळायचा धंदा. आवाज कढईवरून पलीकडच्या गल्लीत जाईल असा. तिच्यापुढे रडायला आलेली बाई हसून घरी जाते, अशी तिची ख्याती होती.

तियामिके आणि वायसन तिसऱ्यांदा आले तेव्हाही तसंच होईल असं वाटलं. वायसन चर्चच्या गायकवृंदाचा पुढारी, गोडबोल्या. बायको हल्ली फार विसरते, उगाच रडते, देवाच्या वचनाप्रमाणे नवऱ्याच्या अधीन राहत नाही, हे त्याने इतक्या मजेत सांगितलं की पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. तियामिकेने लगेच माफी मागितली. मागच्या दोन्ही बैठकांतही तिनेच मागितली होती.

मावशी चहा ओतत होती. तिने सहज विचारलं, "साखर किती घालू गं तुला?"

तियामिकेने नवऱ्याकडे पाहिलं.

"एक चमचा," वायसन म्हणाला.

मावशीचं हसू जागीच विरलं. स्वतःच्या चहातली साखर सांगायला हिला नवरा लागतो? तिने किटली खाली ठेवली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, मागचा पत्रा वाऱ्याने उचकटलाय, वायसनसारखा उंच माणूस आयता आलाय, त्याला जरा दाखवा. पत्रा ठणठणीत होता. पण मावशीशी वाद कोण घालणार?

दोघीच उरल्यावर तियामिकेने दाराकडे पाहून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, मारत नाही तो. मग तक्रार कसली करू?"

तक्रार करण्यासारखं पुष्कळ निघालं. जरा मनाविरुद्ध झालं की तो आठवडे-आठवडे अबोला धरी. पोरांना सांगे, तुमच्या आईचं डोकं म्हणजे रिकामा भोपळा. बोललेलं नाकबूल करी, वर तिलाच वेडी ठरवी. आणि येशूने क्षमा करायला सांगितलंय, हे तिला दर रात्री ऐकवी.

"क्षमा कर की, कोण नको म्हणतंय," मावशी म्हणाली. "पण क्षमा केली म्हणून पुन्हा त्याच काट्यात जाऊन बस, असं येशू कुठं म्हणाला? तुला काय हवंय ते सांग."

तिला थोडे दिवस मामाकडे जायचं होतं. तिकडे लग्नात मुलीचा जामीन राहतो आणि पुढे बिनसलं तर तिची बाजू घेतो तो मामाच, तेव्हा मावशीने त्यालाच निरोप धाडला. तियामिके पोरांना घेऊन गेली.

पाळकसाहेबांना आधी हे पटेना. टाळी एका हाताने वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"थप्पड वाजते," मावशी म्हणाली. "आणि त्याच्यासमोर ती कधी खरं बोलेल? साखरेचंसुद्धा बोलली नाही."

साहेबांनी डोकं खाजवलं. मग वायसनला एकट्याला बोलावलं. मी कधी हात उगारलाय का, असं त्याने छाती पुढे काढून विचारलं. साहेब म्हणाले, हात नाही, जीभ उगारलीस. ती आवरेपर्यंत गायकवृंद दुसरं कुणी सांभाळेल. वायसन तणतणत निघून गेला. काही महिने दुसऱ्या चर्चमध्ये मिरवून परतला. आता साहेबांकडे येऊन बसतो, कधी ऐकतो, कधी नाही. तियामिके अजून त्याच्याकडे गेलेली नाही. जाईल की नाही, तेही कुणी विचारत नाही.

ती मामाच्या ओसरीवर शिवणयंत्र घेऊन बसते. परवा मावशी पिवळंधमक कापड घेऊन तिच्याकडे गेली, फुगीर बाह्यांचा झगा शिवून दे म्हणाली.

तियामिकेने कापड अंगाला लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, यात तुम्ही पिकलेली पपई दिसाल."

मावशी इतकी खूश झाली, की भांडून भांडून तिने तोच झगा शिवून घेतला.