डाव्या बाजूचा आवाज

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे विसरलो. एक किरकोळ चोरी मात्र अजून मनातून जात नाही.

नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक निवृत्त संगीत शिक्षक आले. "साहेब, माझा टेपरेकॉर्डर गेला. स्पूलवाला."

फिर्यादीत त्यांनी यंत्राचं बारीक वर्णन दिलं. दोन मोठी रिळं. तीन हेड : एक पुसणारा, एक नोंदवणारा, एक ऐकवणारा. डाव्या-उजव्या आवाजाचे काटे वेगळे, रेकॉर्डिंगची बटणंही वेगळी. उजव्या काट्याची काच तडकलेली.

"रीळ त्यावरच होतं," ते म्हणाले. "डावीकडे माझी बायको गाते, उजवीकडे माझी पेटी. बायको आता हयात नाही. दुसरी कॉपीही नाही."

घराचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे काम माहीतगाराचं.

चौथ्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराचा फोन आला; त्याला मी यंत्राचं वर्णन सांगून ठेवलं होतं. "साहेब, गांधीबागेत जुन्या सामानाच्या दुकानात तो स्पूल आहे. तडकलेल्या काचेवरून ओळखला."

दुकानदाराने आढेवेढे न घेता देणाऱ्याचं नाव सांगितलं. तो सरांचा एकुलता मुलगा होता. बुटीबोरीच्या कारखान्यात फिटर.

त्याला समोर बसवलं, चहा दिला.

"काहून विकला?"

"विकला नाही साहेब, देऊन टाकला. आई गेल्यापासून बाबा रोज तेच ऐकून राहिले. मी ड्युटीवरून आलो का हात वर करते, थांब म्हणून. मी तर जिता आहो न! जेवला का, एवढंही मले कधी विचारलं नाही."

दोन पंचांसमोर यंत्र जप्त केलं. पंचनाम्यात 'चालू स्थितीत' लिहायचं, तर खात्री हवी. टेप वाजवून पाहिली असती तरी भागलं असतं. पण मी सोबतचा माइक जोडला, डाव्या बाजूचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि गुन्हा नंबर बोललो. काटा हलला. पंच खूश झाले. पंचनामा लिहून होईपर्यंत टेप तशीच फिरत राहिली. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधीचं पुसणारा एक हेड त्यात आहे, हे फिर्यादीत लिहिलेलं होतं. त्या फिर्यादीखाली माझीच सही होती.

न्यायालयाच्या आदेशाने सरांना यंत्र परत द्यायचं ठरलं. ठाण्यातच त्यांनी ते लावून पाहिलं. उजवीकडून पेटी वाजू लागली. डावीकडून पंख्याची घरघर, हवालदाराचा खोकला आणि पंचनामा सांगणारा माझा आवाज. पेटीच्या माइकमध्ये शिरलेलं बाईंचं गाणं मागून फार लांबून येत होतं, शब्द लागत नव्हते. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मुलगा दाराशी उभा होता, आत आला नाही.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी यंत्र बंद केलं. "तुम्हाले कुठं माहीत होतं," म्हणाले. मग ताबा-पावती पुढे ओढत, "सही कुठं करू?"

मुलाविरुद्ध तक्रार नाही, असं त्यांनी न्यायालयात सांगितलं. प्रकरण मिटलं. काही महिन्यांनी मुलाचा फोन आला. "साहेब, आता बाबा काहीच ऐकत नाही. बोलतही नाही."

कागदावर गुन्हा उघडकीस आला, मुद्देमाल पूर्ण हस्तगत झाला. वरिष्ठांनी शेराही चांगला दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्यात त्याचं काय आहे हे विचारावं, एवढं मी शिकलो. शिकलो तेव्हा त्या घरात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.