बारा पॉइंट चार

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्या मुलीनं लिहिलेलं रीडिंग बरोबर होतं. चुकीचं होतं ते बाकी सगळ्यांचं, आणि ते मी सांगितलेलं होतं. उंब्रजपासून मलकापुरातल्या तिच्या नातेवाइकांपर्यंत अजूनही लोक म्हणतात की पोरीनं प्रॅक्टिकलमध्ये घोटाळा केला. म्हणून हे लिहितो आहे.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी महामार्गालगतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून दरवर्षी फोन यायचा, "सर, परीक्षेपुरते या." कारण तिथे रसायनशास्त्र शिकवायला कोणी नाही आणि शिकायलाही कोणी नाही. मुलांची नावं इथल्या हजेरीपटावर आणि मुलं सांगलीत, क्लासच्या होस्टेलवर. तिथे ती सकाळपासून चार पर्यायांतला एक निवडायला शिकतात. द्रावण मोजून सोडायची ब्युरेट त्यांनी फक्त चित्रात पाहिलेली असते. जर्नल एकाचं बघून सगळा वर्ग उतरवतो. हे पालकांना ठाऊक, प्राचार्यांना ठाऊक, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना ठाऊक. आणि हीच माणसं विज्ञान दिनाला वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषणं ठोकतात! ऐकून डोक्यात तिडीक जाते. मग आठवतं, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला मीही बसलेला असायचो.

ती मुलगी सांगलीला गेली नव्हती. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. घरी राहूनच शीक म्हणाले. ती रोज कॉलेजात यायची आणि शिपायाच्या मागे लागून प्रयोगशाळा उघडून घ्यायची. तिला साताऱ्याला बी.एस्सी. करायचं होतं, केमिस्ट्री घेऊन.

त्या परीक्षेसाठी पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण मीच केलं, बरेच दिवस आधी. तपकिरी बाटली फुटली होती, म्हणून साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलं. उजेडात हे द्रावण हळूहळू कमजोर होतं आणि मग गरम ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये ते जास्त ओतावं लागतं, हे मी आयुष्यभर शिकवलं. परीक्षेच्या सकाळी ते पुन्हा तपासायला हवं होतं. पण कशाला तपासू? ताज्या द्रावणाचं दहा मिलिलिटर हे रीडिंग तर मीच सांगणार होतो. परीक्षक चहाला गेले की टेबलांमधून फिरत पुटपुटायचं, "दहा लिहा, दहा." ही आमची रीत.

ती म्हणाली, "सर, माझं बारा पॉइंट चार येतंय. तिन्ही वेळा."

"दहा लिही."

"पण दहा येतच नाही ना, सर."

शेजारचा पोरगा फिदीफिदी हसला. "अगं, लिही की! लय शास्त्रज्ञ हाईस."

तिनं बारा पॉइंट चारच लिहिलं. परीक्षक चहा घेऊन आले, उत्तरपत्रिका चाळल्या आणि भडकले. "एवढी मुलं चुकली आणि तू एकटी बरोबर, होय गं?" मग माझ्याकडे वळले. "काय हो सर?"

मी बाटलीकडे पाहिलं. तळाशी तपकिरी गाळ बसला होता. द्रावण बिघडल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

मी म्हणालो, "ऑक्झॅलिक ॲसिड नीट गरम केलं नसेल तिनं." तिनं ते वाफा येईपर्यंत गरम केलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

तिचे गुण कापले गेले. ज्या परीक्षेत ठोंब्यालाही पैकीच्या पैकी मिळतात, तिथे हिचे कापले गेले, हे गावभर झालं. वडिलांनी सायन्सचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं.

मी त्यांच्या घरी गेलो, पण फार उशिरा. वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"आवं सर, मग तवा का न्हाई बोलला?"

"लाज वाटली."

"तुमची लाज झाकायला माझीच पोरगी गावली व्हय?"

मुलगी दारात येऊन उभी होती. "गाळ मी बघितला होता, सर," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला दिसला नसेल."

"दिसला होता."

वडिलांनी तिला विचारलं, "साताऱ्याच्या फॉर्मची तारीख कवा हाय?"

"गेली, पप्पा."

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना गाठलं आणि हे सगळं लेखी द्यायला निघालो. ते हसले. "सर, निकाल लागला. आता कशाला उकरून काढता? पुढच्या वर्षी येताय ना परीक्षेला?"

मी त्यांना त्यांच्याच केबिनमध्ये आईवरून शिवी घातली. शिपाई आत डोकावला. एवढ्या वर्षांत त्या इमारतीत मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता, आणि पोरीचं वर्ष तोवर बुडालेलं होतं.