मोटर पाणी टाकत नव्हती

घरी पाहुणे आले की पोरं मला पुढे करतात. "पप्पा फौजेत होते." पाहुणे आधी मिशांकडे बघतात, मग विचारतात, "बॉर्डरवर किती वर्षं?" खरं सांगायचं तर माझी निम्मी नोकरी एका मोटरीशी भांडण्यात गेली. ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे टांगलेली आउटबोर्ड मोटर. जुनी होती. बायकोच्या मते माझ्यासारखीच. काम कमी, तापणं जास्त.

एका पावसाळ्यात आमच्या इंजिनिअर रेजिमेंटचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, जळगाव जिल्ह्यात तापीकाठी लागली. मी हवालदार, जामनेरचा. होडीवर माझ्यासोबत लान्स नाईक दत्तू, शिंदखेड्याकडचा, बोलणं अहिराणी. रोजचं काम ठरलेलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मोटर सुरू करायची आणि मागच्या भोकातून धार पडते का बघायचं. धार पडते म्हणजे नदीचं पाणी आत फिरतंय आणि मोटर थंड आहे.

एका दुपारी केळीच्या बागांमधल्या एका वस्तीवरून माणसं उचलली. त्यांत एक म्हाताऱ्या अक्का. वस्ती सुटली तशी त्यांनी पदराआडून खण-नारळ काढला आणि तापीमाईला ओटी सोडली. मी अडवलं नाही. पूर आला की आमच्या घरच्या बायकाही हेच करतात.

थोड्याच वेळात अलार्म वाजला. एकसुरी, कान फाडणारा. थ्रॉटल कमी केला, मागे पाहिलं. धार बंद.

होडी मंदावलेली पाहून काठावरून वायरलेसवर आवाज आला, "ब्राव्हो वन, क्या हुआ? ओव्हर."

"इंजिन ओव्हरहीट. बंद करना पडेगा. ओव्हर."

"नीचे पुल है! ओव्हर."

प्रवाहाच्या खालच्या अंगाला पूल मलाही दिसत होता. पाणी कठड्याला लागलं होतं. मोटर बंद केली तर होडी वाहत जाऊन पुलावर आपटणार. चालू ठेवली तर मोटर जाम होणार आणि होडी तरीही पुलावरच जाणार.

शेजारून पुरात बुडालेल्या एका कडुलिंबाचा शेंडा सरकत होता. दत्तू होडीचा दोर घेऊन त्यावर झेपावला, खोडाला दोन वेढे घातले आणि टोक हातात धरलं. होडी हिसका खाऊन थांबली.

"तुम्ही मशीन देखा, उस्ताद. दोर मी देखस."

मोटर बंद करून वर उचलली. पाणी ओढायच्या जाळीवर हिरवा खण चिकटला होता. अक्कांनी तो पाहिला. मी ओढून फेकला, मोटर खाली केली, स्टार्टरची दोरी ओढली. सुरू झाली, पण अलार्म चालूच. धार नाही, नुसते थेंब. भोकात गाळ बसला होता. माझ्या खिशात काय, तर तंबाखूची पुडी. एवढी तयारी हवालदाराची! अक्कांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली. "घे भाऊ." पिन आत फिरवली. गाळ उडून तोंडावर आला आणि मागून धार सुटली.

"उस्ताद, पाणी पडस का?"

"पडतंय! ये आता!"

तेवढ्यात लिंब कलला. मुळं सुटत होती. दोर तसाच राहिला असता तर झाडानं होडीही ओढून नेली असती. दत्तूनं आधी वेढे सोडले. होडी मोकळी झाली. मग लिंब आडवा झाला, दत्तूसकट. फांद्यांखाली लाइफ जॅकेट कामाला येत नाही.

माणसं काठावर उतरवली, तिथले दोन जवान घेतले आणि त्याला शोधायला परत गेलो. दत्तूचा देह दुसऱ्या दिवशी सापडला.

महिन्याभरानं मी त्याच्या घरी निघालो, वाटेत वस्तीवर थांबलो, तेव्हा अक्का हट्टानं सोबत आल्या. सगळं ऐकून दत्तूच्या वडिलांनी, आबांनी, एकच विचारलं. "मशीनमा काय अडकेल व्हतं?"

"केळीच्या खोडाचं सोपट, आबा," मी म्हणालो.

"खोटं नको बोलू भाऊ," अक्का म्हणाल्या. "माही ओटी होती."

आबांनी अक्कांकडे पाहिलं.

"वटी तर मनी घरवालीबी सोडस, अक्का. तुमना गावना लोके बठ्ठा वाचनात ना?"

"सगळे वाचले," अक्का म्हणाल्या.

"मंग बरं शे. दोर त्यानी सोताहून सोडेल शे. त्याले कोनी सांगेल नव्हतं."