जावेसाठी मागितलेली नोकरी

आमच्या शेजारच्या जुलेखाभाभी तांबोळी मूळच्या मिरजेच्या. कॉव्हेंट्रीत तीस वर्षं झाली, त्यातली बावीस इथल्या एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये गेली. दिवसभर पोरांना फिश फिंगर्स वाढायचे, 'नो रनिंग प्लीज' म्हणायचं, आणि घरी आल्यावर मला हाक मारायची, कारण इंग्रजी बोलून जबडा दुखतो म्हणे. बाई लाखात एक. खोड एकच. धाकटी जाऊ शमशाद हिचं काही चांगलं झालं की भाभींच्या पोटात दुखायचं. म्हणजे खरंच दुखायचं. ओवा खाऊन पडून राहायच्या.

शमशादने घराला एक्स्टेंशन काढलं, तेव्हा ओवा. ती मक्केला उमरा करायला गेली, तेव्हा ओवा. तिचा मुलगा डेंटिस्ट झाला, तेव्हा तर भाभींची दाढच ठणकायला लागली, आणि त्याच्याकडे जायला नको म्हणून पंधरा दिवस लवंग चघळत बसल्या.

दोन वर्षांपूर्वी शमशादही त्याच किचनमध्ये लागली, आणि यंदा तिथली सुपरवायझर रिटायर झाली. दोघींनी अर्ज केले. भाभींचा जीव त्या जागेत अडकला होता. गुडघ्यांची पार वाट लागलेली. सुपरवायझर झाल्या असत्या तर जड पातेली उचलायचं सुटलं असतं. शिवाय बावीस वर्षं थांबल्या होत्या. मला खात्री होती, जागा त्यांचीच.

त्याच सुमारास मशिदीत बायकांच्या दर्सच्या प्रवचनात आलिमाबाईंनी हसद म्हणजे मत्सर यावर सांगितलं. दुसऱ्याचं बघून जळणारा आपलीच नेकी जाळतो. त्यावर औषध एकच, ज्याच्यावर जळता त्याच्यासाठी त्याच्या पाठीमागे दुआ मागा. तुम्ही मागता तेव्हा फरिश्ता म्हणतो, आमीन, आणि तुलाही तेच मिळो.

भाभींनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. रोज दुपारच्या असरच्या नमाजानंतर हात पसरून सुरू झाल्या, "या अल्ला, शमशादला सुपरवायझर कर."

"भाभी, जागा किती आहेत?" मी विचारलं.

"एक."

"मग दोघींना कशी मिळणार?"

लाटणं हातात तसंच धरून त्या विचारात पडल्या. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "ते फरिश्ता बघेल," शेवटी म्हणाल्या. "मी कशाला त्याच्या कामात नाक खुपसू?"

पण नुसती नोकरीच मागितली तर वर लबाडी दिसेल, असं त्यांना वाटायला लागलं. म्हणून अजून दोन-चार गोष्टी जोडायच्या ठरवल्या. आता जोडायच्या तर शमशादकडे काय नाही हे माहीत हवं. म्हणून बाईसाहेब चक्क जावेची विचारपूस करायला लागल्या. कंबर कशी आहे, झोप लागते का. त्यातून कळलं की नवरा आठवड्यातले पाच दिवस लॉरीवर असतो, डेंटिस्ट पोराचा फोन ईदला येतो तेवढाच, आणि त्या भल्यामोठ्या एक्स्टेंशनमध्ये शमशाद एकटी टोस्ट खाते.

"टोस्ट गं," भाभी मला म्हणाल्या. "आणि मी तिच्यावर जळत होते. अक्कल गहाण टाकली होती मी." दुसऱ्या दिवसापासून दुआ लांबली, आणि शमशादकडे डबा जायला लागला.

इंटरव्ह्यूच्या दिवशी दोघी जावांनी सुट्टी काढली होती, आणि सकाळी मी भाभींकडे चहाला बसले होते. साडेनऊला शाळेच्या ऑफिसमधून फोन आला. दोघींना दुपारी बोलावलं होतं, ते आता सकाळीच घेणार होते, शमशादला अकराला आणि भाभींना बाराला. शमशादचा फोन लागत नाही, तुम्ही घरच्याच, तेवढं तिला सांगाल का?

भाभींनी "यस, यस" म्हणून फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

खोटं कशाला बोलू, मी म्हणाले, "नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? तिचा फोन बंद, त्यात तुमचा काय दोष?"

चहावर साय धरली. मग भाभी म्हणाल्या, "दीड महिना मी रोज अल्लाला सांगतेय, तिला दे, तिला दे. आता गप्प बसले तर तो म्हणणार नाही, ही बाई रोज माझ्यासमोर बसून थापा मारत होती?" उठल्या, घरातल्या चपला तशाच, पावसात दोन गल्ल्या पलीकडे चालत गेल्या. गुडघा धरत धरत. मी खिडकीतून बघत होते, आणि मला माझीच लाज वाटली.

शमशाद अकराला वेळेवर पोहोचली. नोकरी तिलाच मिळाली.

दोन दिवसांनी मी शिरा घेऊन सांत्वनाला गेले. भाभींनी वाटीभर खाल्ला, साखर कमी आहे म्हणाल्या.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटणार नाही तर काय? बावीस वर्षं गं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पातेली आता मरेपर्यंत मीच उचलायची."

"आणि शमशादचा राग?"

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हात छातीवर ठेवला. "तेच तर. परवापासून शोधतेय. इथे काहीतरी सारखं जळत असायचं बघ, इतकी वर्षं. मला वाटायचं, माझा स्वभावच तो. ते नाहीये गं वैभवी. जागा गेली, पण इतकं हलकं मला लग्नाआधीसुद्धा वाटलं नव्हतं."

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. मी नीट बघून घेतलं. शमशादवर दात खायला आता मी एकटीच उरले होते. रिकामं भांडं उचललं आणि चरफडत घरी आले.